फोटोतला नको तो माणूस, नको ती वायर: काढायची कशी आणि मागे भरायचं काय

"जरा हा मागचा माणूस काढून दे ना" हे वाक्य घरात ज्याला फोटोचं थोडंफार कळतं त्याला कायम ऐकावं लागतं, आणि सांगणाऱ्याला वाटतं एक बटण दाबलं की झालं. काढणं खरंच सोपं आहे हो, सिलेक्ट केलं, डिलीट दाबलं, माणूस गेला. पण तिथं जे भोक पडतं त्याचं काय? त्या माणसाच्या पाठीमागे जे होतं ते कॅमेऱ्याने बघितलेलंच नाही, ते आता तुम्हाला बनवायचंय, सगळी मेहनत तिथे आहे. म्हणून फोटो उघडला की आधी हे बघायचं की मागे काय आहे. मागे आकाश असेल तर कुठलंही टूल चालतं. मागे विटांची भिंत किंवा फरशी असेल तर विचार करून टूल निवडावं लागतं. आणि मागे दुसऱ्या माणसाचा अर्धा चेहरा झाकला गेला असेल तर सरळ त्याच वेळचा दुसरा फोटो शोधा, उगाच रात्र घालवू नका.

हे आजचं नाही बरं का. रशियात स्टालिनबरोबर कालव्याच्या काठाने चालणारा, गुप्त पोलिसांचा एकेकाळचा प्रमुख येझोव्ह १९४० मध्ये गोळी घालून मारला गेला आणि नंतर त्या फोटोतूनही गायब झाला. तेव्हा कॉम्प्युटर कुठला, सगळं हाताने. तो फोटो नीट बघितला तर कळतं की रिटच करणाऱ्याचं काम तसं सोपं होतं, कारण येझोव्ह कडेला उभा होता आणि मागे पाणी. कडेचा माणूस आणि साधं बॅकग्राउंड, आजही हीच केस सगळ्यात आधी सुटते.

कशावर करायचं

फोटोशॉप असेल तर उत्तम पण नसलं म्हणून काही अडत नाही. जिंप फुकट आहे, विंडोज मॅक लिनक्स तिन्हीवर चालतं, क्लोन आणि हील दोन्ही टूल्स (दोन्हीत फरक काय ते पुढे येतं) त्यात आहेत. इन्स्टॉलच करायचं नसेल तर फोटोपी, ब्राउझरमध्येच उघडतं, दिसायला डिट्टो फोटोशॉप, शॉर्टकट पण जवळपास तेच, आणि फोटो कुठल्या सर्व्हरवर चढत नाही, तुमच्याच मशीनवर उघडतो. याउलट सर्च केल्यावर वरती येणाऱ्या "ऑनलाइन रिमूव्ह करा" छाप साइट्सवर घरातल्यांचे, लहान मुलांचे फोटो चढवायच्या आधी जरा विचार करा, तो फोटो पुढे कुठे जातो ते आपल्या हातात राहत नाही.

मोबाइलवरचं खाली वेगळं लिहिलंय, तिथली गंमत वेगळी आहे.

हात लावायच्या आधी

फोटो ओरिजिनल मागवा. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला फोटो दाबून बारीक झालेला असतो, त्यात कडा किडलेल्या असतात आणि त्यावर हील केलं की तो भाग आणखी चिखलासारखा होतो. पाठवणाऱ्याला सांगा डॉक्युमेंट म्हणून पाठव. हे सांगून पण लोक स्क्रीनशॉट पाठवतात, त्याला इलाज नाही.

मग क्रॉप करून बघा. खरंच. निम्म्या फोटोत ती नकोशी गोष्ट कडेला असते आणि नुसतं कापलं की फोटो सुधारतो सुद्धा, पण लोकांना क्रॉप म्हणजे काहीतरी कमी केल्यासारखं वाटतं म्हणून ते तासभर क्लोन करत बसतात.

तिसरं म्हणजे मूळ लेअरवर काम करायचं नाही (लेअर म्हणजे फोटोवर पारदर्शक कागदासारखे एकावर एक ठेवता येणारे थर). फोटोशॉपमध्ये वर एक रिकामा लेअर घ्या आणि टूलच्या पट्टीत सॅम्पल समोर "करंट अँड बिलो" निवडा, स्पॉट हीलिंगला असेल तर "सॅम्पल ऑल लेअर्स" ला टिक करा, म्हणजे सगळी दुरुस्ती वरच्या लेअरवर पडते आणि बिघडलं तर तेवढंच पुसता येतं. जिंपमध्ये क्लोन असं रिकाम्या लेअरवर "सॅम्पल मर्ज्ड" लावून चालतं पण हील टूल रिकाम्या लेअरवर धड काम करत नाही, कारण त्याला खालचा रंग तिथेच लागतो, तेव्हा जिंपमध्ये सरळ लेअरची डुप्लिकेट काढा, कंट्रोल शिफ्ट डी, आणि तिच्यावर काय ते करा.

आकाशातली वायर

सगळ्यात जास्त येणारी केस. छान देऊळ, छान वाडा, आणि वरून एमएसईबीच्या तारा (नाव महावितरण होऊन जमाना झाला तरी आपण एमएसईबीच म्हणतो). इथे फोटोशॉप किंवा फोटोपीमध्ये स्पॉट हीलिंग ब्रश घ्या, कीबोर्डवर J दाबा. ब्रश वायरपेक्षा थोडाच जाड ठेवा, चौकोनी कंसाच्या दोन कीजनी लहान मोठा होतो, जिंपमध्ये पण त्याच. आता वायरच्या एका टोकाला एक क्लिक, मग शिफ्ट दाबून ठेवून थोडं पुढे दुसरी क्लिक, मधली सरळ रेघ आपोआप भरली जाते. हाताने घासत जायची गरज नाही. फक्त वायर कधी सरळ नसते, मधे झोळ असतो, म्हणून एका टोकापासून थेट दुसऱ्या टोकाला उडी मारू नका, छोट्या छोट्या टप्प्यात शिफ्ट क्लिक करत जा.

एक बारीक गोष्ट. मोबाइलच्या फोटोत वायरच्या दोन्ही बाजूला एक पांढुरकी कड असते, फोन स्वतःच फोटो शार्प करतो त्यातून ती येते. दोनशे टक्के झूम करून बघा, नक्की दिसेल. ब्रश त्या कडेला पण झाकेल इतका हवा, नाहीतर वायर जाते आणि तिच्या जागी फिकट दुहेरी रेघ राहते, लांबून बघितलं की वायरचं भूत दिसतं.

आता वायर जिथे कळसाला किंवा पत्र्याच्या कडेला टेकते तिथे थांबा. तिथे स्पॉट हीलिंग गेलं की कळसाचा काळा रंग आकाशात पसरतो, काजळ फिस्कटल्यासारखा. शेवटचा एवढासा तुकडा क्लोन स्टॅम्पने करायचा, ब्रशची हार्डनेस, म्हणजे कडेचा टणकपणा, वाढवून, ऐंशी नव्वदपर्यंत. किंवा लॅसोने (हाताने फिरवून भाग निवडायचं टूल) फक्त आकाशाचा भाग सिलेक्ट करा, मग ब्रश सिलेक्शनच्या बाहेर रंगवतच नाही.

फोटोशॉपच्या ऑक्टोबर २०२४ नंतरच्या व्हर्जनमध्ये रिमूव्ह टूलला वायर आणि केबल आपोआप शोधून काढायची सोय आली आहे, एका क्लिकमध्ये बऱ्याच तारा जातात. मात्र झाडामागून गेलेल्या तारांना आणि देवळाच्या कडेला हाताने डागडुजी करावीच लागते.

हील आणि क्लोन, कुठे काय

क्लोन म्हणजे इथलं जसंच्या तसं उचलून तिथे ठेवणं, रंगासकट, उजेडासकट. फोटोशॉपमध्ये ऑल्ट दाबून क्लिक केलं की कुठून उचलायचं ते ठरतं, जिंपमध्ये कंट्रोल क्लिक. हील पण तिथूनच उचलतं पण फक्त पोत उचलतं, रंग आणि उजेड जिथे ठेवायचंय तिथल्या आजूबाजूला जुळवून घेतं. फोटोशॉपमध्ये हीलिंग ब्रश २००२ साली सातव्या व्हर्जनला आला, त्याच्या आधी लोक चेहऱ्यावरचे डाग सुद्धा क्लोनने काढायचे आणि मग गालावर ठिगळं दिसायची.

यावरून सगळं समजून घ्या. त्वचा, आकाश, भिंतीचा रंग, वाळू, म्हणजे जिथे उजेड हळूहळू बदलतो तिथे हील. आकाश वरून खाली फिकट होत जातं, तिथे वरचा तुकडा क्लोनने खाली आणला तर निळा डाग पडणारच, आणि क्लोनच करायची वेळ आली तर त्याच उंचीवरचं, आडवं शेजारचं आकाश उचला. उलट जिथे कड आहे, रेघ आहे, डिझाइन आहे, तिथे क्लोन, कारण हील कडेजवळ गेलं की शेजारचा रंग आत ओढतं आणि मघाचं काजळ होतं.

रफू करणारा माणूस धागा त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून काढतो, बाजारातून आणत नाही, तसं आहे हे. उचलायची जागा जितकी जवळची तितकं काम लपतं.

आणि उचलायची जागा सारखी बदलत राहा. एकाच ठिकाणाहून पाच वेळा उचललं की तोच दगड, तेच गवताचं पातं, तोच ढगाचा तुकडा ओळीने दिसायला लागतो. २००६ च्या ऑगस्टमध्ये बैरुतवरच्या बॉम्बहल्ल्याचा एक फोटो रॉयटर्स या वृत्तसंस्थेने दिला होता, त्यात धूर क्लोन करून वाढवलेला होता, आणि धुराचे तेच तेच गोळे एकावर एक दिसत होते इतकं ते उघड होतं. वाचकांनीच पकडलं. रॉयटर्सने त्या फोटोग्राफरचे ९२० फोटो विक्रीतून काढून टाकले. खोटेपणाचा मुद्दा आहेच पण कारागिरी म्हणून सुद्धा ते काम भिकार होतं.

जुन्या फोटोवरची केशरी तारीख

हे मुद्दाम सविस्तर सांगतो कारण प्रत्येक घरात असे फोटो आहेत. रोलच्या कॅमेऱ्यात तारीख छापायची सोय होती, उजव्या कोपऱ्यात खाली केशरी आकडे, आणि बऱ्याचदा ती तारीख पण चुकीची कारण सेल बदलल्यावर कुणी सेट केलीच नाही. तर लग्नाचा फोटो, उजवीकडे काकू किंवा मावशी बसलेली, आणि तारीख बरोब्बर पैठणीच्या काठावर.

आधी फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करा, मोबाइलने काढलेला फोटोचा फोटो चालवू नका, त्यात ट्यूबलाइटची चमक येते. झूम केल्यावर दिसेल की आकडे नुसते आकडे नाहीत, त्यांच्याभोवती केशरी उजेड पसरलेला आहे. तोही काढायचाय, म्हणून जागा आकड्यांपेक्षा जराशी मोठी धरा.

इथे स्पॉट हीलिंग, कंटेंट अवेअर (आजूबाजूचं बघून आपोआप भरणारं) वगैरे काठावर चालवलं तर मोराचं काहीतरी भलतंच होतं, चोच एका ठिकाणी आणि पिसारा दुसरीकडे. क्लोनच घ्यायचा. काठावर डिझाइन परत परत येतं ना, त्याचा फायदा घ्या. खराब झालेल्या मोरात एखादा नेमका ठिपका शोधा जो अजून शाबूत आहे, समजा चोचीचं टोक. आता शेजारच्या चांगल्या मोराच्या चोचीच्या बरोब्बर त्याच टोकावर ऑल्ट क्लिक करा, "अलाइन्ड" ला टिक ठेवा, आणि खराब मोराच्या चोचीच्या टोकापासून रंगवायला सुरुवात करा. टोकावर टोक नीट बसलं की बाकीचं डिझाइन आपोआप जागेवर येतं. एक पिक्सेल इकडे तिकडे झालं तर अन्डू करून परत बसवा, पुढे जाऊन दुरुस्त करू म्हटलं तर होत नाही.

काठ निरीवर वळलेला असेल तर शेजारचा मोर तिरका असतो, तेव्हा फोटोशॉपच्या क्लोन सोर्स पॅनेलमध्ये कोन बदलता येतो. जिंपमध्ये सोपं म्हणजे चांगला मोर लॅसोने उचलून नवीन लेअरवर पेस्ट करा, युनिफाइड ट्रान्सफॉर्मने फिरवून वाकवून बसवा, मग लेअर मास्क (लेअरचा भाग कायमचा न पुसता झाकणारा पडदा) लावून कडा मऊ ब्रशने पुसा. उजेड जुळत नसेल तर त्या लेअरला कर्व्हज (उजेड कमी जास्त करायची सोय) लावून किंचित गडद करा. आणि काठाच्या वरचा साडीचा साधा भाग मात्र हीलने, तिथे पटकन होतं.

जुन्या फोटोत दाणे असतात, ग्रेन. मऊ ब्रश आणि अर्धी ओपॅसिटी (ब्रश किती दाट उमटतो ते) वापरली तर दोन ठिकाणचे दाणे एकमेकांत मिसळून नाहीसे होतात आणि तेवढाच भाग गुळगुळीत प्लास्टिकचा दिसतो. म्हणून अशा फोटोत ओपॅसिटी पूर्ण शंभर, ब्रशची कड मध्यम. तरी गुळगुळीत झालंच तर त्या लेअरवर अ‍ॅड नॉइज, मोनोक्रोमॅटिक निवडून, अगदी थोडं, आजूबाजूच्या दाण्यांशी जुळेपर्यंत.

पूर्ण माणूस काढायचा असेल

गडावरचा फोटो घ्या, तटबंदीवर तुमचा ग्रुप आणि कडेला अनोळखी भाऊ सेल्फी काढत उभे. इथे ब्रशने घासत बसू नका, सिलेक्शन करून भरायचं. लॅसोने माणसाभोवती सैलसर फिरवा, अगदी अंगाला चिकटून नाही, थोडी मोकळी जागा सोडून, आणि त्याची सावली आत घ्या. सावली विसरणं ही नेहमीची गोची. माणूस गेला आणि दगडावर सावली तशीच. पाण्यातलं प्रतिबिंब, गाडीच्या काचेतलं प्रतिबिंब, आणि ग्रुप फोटोत दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवलेला हात, हे पण आधी शोधून ठेवा. खांद्यावर राहिलेली चार बोटं फार भयानक दिसतात.

फोटोशॉपमध्ये एडिट मेनूत कंटेंट अवेअर फिल उघडा. डावीकडे फोटोवर हिरवा थर दिसतो, म्हणजे जिथून माल उचलणार तो भाग. लोक हे बघतच नाहीत आणि ओके दाबतात, मग माणसाच्या जागी ग्रुपमधल्याच कुणाचं तरी अर्धं डोकं उगवतं. तिथल्याच सॅम्पलिंग ब्रशने ग्रुपवरचा हिरवा रंग पुसून टाका, आकाशावरचा पण पुसा, फक्त तटबंदीचा दगड हिरवा ठेवा. आउटपुट न्यू लेअरवर घ्या. फोटोपीमध्ये एडिट, फिल, तिथे कंटेंट अवेअर आहे, एवढे पर्याय नाहीत पण चालतं. जिंपमध्ये हे मुळात नाही, रीसिंथेसायझर नावाचं प्लगइन तुमच्या जिंपच्या व्हर्जनप्रमाणे बघून टाकावं लागतं, मग फिल्टर्समध्ये एन्हान्सखाली हील सिलेक्शन येतं. त्यात कुठून उचलायचं ते विचारतं, सगळीकडून, बाजूंनी, किंवा वरून खालून. समुद्र, क्षितिज, आडवी भिंत असेल तर बाजूंनी निवडा, फरक लगेच कळेल.

ही टूल्स नवीन काही बनवत नाहीत, तुमच्याच फोटोतले छोटे छोटे तुकडे शोधून जुळवून चिकटवतात. यामागची पॅचमॅच नावाची पद्धत २००९ मध्ये आली आणि २०१० च्या सीएस५ मध्ये कंटेंट अवेअर फिल आलं तेव्हा लोकांनी अक्षरशः तोंडात बोटं घातली होती. पण फोटोत जे नाहीच ते याला कुठून मिळणार, म्हणून एखाद्याच्या मागे अख्खा बुरूज लपला असेल आणि तसा बुरूज फोटोत दुसरीकडे कुठेच नसेल तर आशा करू नका.

आता यातली खरी युक्ती. माणूस जर तटबंदीची वरची कड ओलांडून उभा असेल, म्हणजे कमरेपर्यंत मागे दगड आणि वर आकाश, तर अख्खं एका दमात भरायचं नाही. कड वाकडी येतेच. आधी फक्त ती कड जोडा, क्लोन घेऊन डावीकडच्या कडेवरून ऑल्ट क्लिक, मग माणसाच्या अंगावरून शिफ्ट क्लिक करत उजवीकडच्या कडेला नेऊन मिळवा. कड जुळली की वरचं आकाश वेगळं सिलेक्ट करून भरा, खालचा दगड वेगळा. रेघा आधी, पोत नंतर. दाराची चौकट, पायऱ्या, रस्त्याची कड, क्षितिज, सगळीकडे हेच.

घाटाच्या पायऱ्या, पेव्हर ब्लॉक, शहाबादी फरशी, असं लांब जाता जाता लहान होत जाणारं काही असेल तर साधा क्लोन फसतो कारण पुढची मोठी फरशी मागे जाऊन बसते. फोटोशॉपच्या फिल्टर मेनूत व्हॅनिशिंग पॉइंट आहे, तिथे फरशीच्या चार कोपऱ्यांवर जाळी आखायची आणि त्यातलाच स्टॅम्प वापरायचा, तो आपोआप लहान मोठं करतो. जिंपमध्ये पर्स्पेक्टिव्ह क्लोन.

गर्दीच गर्दी

वेरूळला कैलास लेण्यासमोर रविवारी उभे राहा, एक मोकळा कोपरा मिळणार नाही, आणि मंगळवारी जाऊ म्हटलं तर लेणी बंद. तिथे पन्नास माणसं एकेक करून काढायची नसतात. कॅमेरा एका जागी स्थिर ठेवा, ट्रायपॉड चालतो का ते आधी विचारा, नसेल तर कठड्यावर टेकवा. फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा आणि थोड्या थोड्या वेळाने दहा पंधरा फोटो काढा, घाई करू नका, माणसं हलली पाहिजेत. घरी फोटोशॉपमध्ये फाइल, स्क्रिप्ट्स, स्टॅटिस्टिक्स, तिथे मीडियन निवडून सगळे फोटो द्या आणि अलाइनला टिक करा. प्रत्येक ठिपक्याला दहा फोटोतली मधली किंमत घेतली जाते, त्यामुळे जो दगड निम्म्याहून जास्त फोटोत मोकळा दिसला तो उरतो आणि चालणारी माणसं विरघळून जातात. जो गाइड अर्धा तास एकाच जागी उभा राहून माहिती सांगतोय तो काही जाणार नाही, त्याला वरच्या पद्धतीने काढा. जिंपवाल्यांनी जीमिक प्लगइन टाकलं तर त्यात लेअर्सखाली मीडियन ब्लेंड मिळतं.

दोनच फोटो असतील तरी काम होतं. एकात डावीकडे माणूस, दुसऱ्यात उजवीकडे, तर दोन्ही एकावर एक लेअर करा, ऑटो अलाइन करा, वरच्याला मास्क लावा आणि जिथे माणूस आहे तिथे काळ्या ब्रशने फिरवा, खालचा मोकळा भाग दिसायला लागतो. यात खोटं काहीच नाही, खरी जागा खऱ्या फोटोतून आली. म्हणून ट्रिपला गेल्यावर एकाच फ्रेमचे दोन तीन फोटो काढायची सवय लावा, सगळ्यात कमी कटकट यातच आहे.

एआय

मे २०२३ मध्ये फोटोशॉपच्या बीटा, म्हणजे चाचणीच्या व्हर्जनमध्ये जनरेटिव्ह फिल आलं. सिलेक्ट करा, काही न लिहिता जनरेट दाबा, माणूस गायब आणि मागे चक्क पटेल असं काहीतरी. बुरूज लपलेला असला तरी हे एक बुरूज बनवून देतं. फक्त तो बुरूज त्या गडाचा नसतो! आठवणीचा फोटो असेल तर चालेल, पण गडाची माहिती देणाऱ्या लेखाला हा फोटो लावलात तर तुम्ही नसलेली वास्तू छापताय. याला इंटरनेट लागतं, क्रेडिट्स खर्च होतात, आणि सावली सिलेक्शनमध्ये घ्यायची राहिली तर हे गडी सावली बघून तिथे दुसराच माणूस किंवा कुत्रा आणून उभा करतात. मोठ्या फोटोत मोठा भाग एकदम दिला तर तेवढाच भाग मऊ येतो, तुकडे करून द्या.

मोबाइलवर गुगल फोटोजमधलं मॅजिक इरेजर, २०२१ ला पिक्सेल ६ बरोबर आलं आणि मे २०२४ पासून बाकीच्या फोनवर फुकट द्यायला सुरुवात झाली. बोटाने गोल करा, माणूस जातो. त्यातला कॅमफ्लाज हा पर्याय फार कमी लोक वापरतात, तो वस्तू काढत नाही, तिचा भडक रंग फिका करून आजूबाजूत मिसळवतो, मागची निळी ताडपत्री किंवा लाल बादली यासाठी झकास. आयफोनला क्लीन अप आहे पण १५ प्रो आणि पुढच्या मॉडेलना, आयओएस १८.१ पासून. सॅमसंगच्या गॅलरीत ऑब्जेक्ट इरेजर. आणि साध्या फोनवर स्नॅपसीडचं हीलिंग, त्यात ब्रशचा आकार बदलत नाही असं वाटून लोक सोडून देतात, पण दोन बोटांनी झूम केलं की ब्रश फोटोच्या मानाने बारीक होतो, डाग काढायला मस्त चालतं. मोठा माणूस मात्र त्याच्या आवाक्यातला नाही.

झाल्यावर बघायचं काय

आपणच केलेलं काम आपल्याला दिसत नाही, डोळा सरावतो. फोटो आडवा उलटा करा, म्हणजे फ्लिप, चुका लगेच टोचतात. मग एकदम लहान करून बघा, ठिगळाचा रंग वेगळा असेल तर लहान आकारातच कळतो, आणि मग शंभर टक्के झूमवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फिरा. आकाश असेल तर वर एक तात्पुरता कर्व्हज लेअर टाकून कॉन्ट्रास्ट भसकन वाढवा, सेन्सरवरच्या धुळीचे गोल डाग आणि तुमच्या हीलचे पट्टे दोन्ही उघडे पडतात, ते काढून झाले की तो लेअर डिलीट.

काढायचं नाही असंही असतं. दुसऱ्याच्या फोटोवरचं नाव किंवा वॉटरमार्क काढून वापरणं हा नुसता आगाऊपणा नाही, आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ पासून कलम ६५ब आहे, मालकीची माहिती मुद्दाम काढली तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पासपोर्टचा फोटो, पंचनाम्याचा, विम्याच्या क्लेमचा, जमिनीच्या वादातला फोटो, यातली धूळसुद्धा पुसू नका. स्पर्धांचंही तेच. २०१० मध्ये वर्ल्ड प्रेस फोटोचं बक्षीस मिळालेला एक फोटो बाद झाला, कारण काय तर मागे दिसणारा एका माणसाचा पाय काढला होता. फोटोच्या विषयाशी त्या पायाचा काही संबंध नव्हता, पण नियम म्हणजे नियम. एपी (असोसिएटेड प्रेस) या वृत्तसंस्थेने २०१४ मध्ये एका नावाजलेल्या फोटोग्राफरशी काम थांबवलं ते सीरियातल्या फोटोच्या कोपऱ्यातला सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा काढल्यामुळे.

सेव्ह करताना लेअरसकट पीएसडी किंवा जिंपची एक्ससीएफ फाइल ठेवाच, उद्या कोणीतरी म्हणणार की तो माणूस राहू दे, तो आपल्या आत्याचा दीर निघाला. जेपीजी त्यातून वेगळी एक्स्पोर्ट करा, क्वालिटी नव्वदच्या पुढे, आणि तीच जेपीजी परत परत उघडून सेव्ह करत बसू नका, दर वेळी थोडी खराब होते. मोठी फ्रेम करायची असेल तर लॅबला देण्याआधी त्या दुरुस्त केलेल्या भागाची एक छोटी ४ बाय ६ प्रिंट काढून घ्या, मोबाइलच्या स्क्रीनवर जे लपतं ते बारा बाय अठराच्या कागदावर भिंतीवर लागल्यावर रोज दिसतं.